गुलाबची छुट्टी

पटत नसेल तर इथूनच परत जा. मला कोणाला पटवायचं नाही.

हे माझ्या सख्ख्या बहिणीचं झालं आणि मी तिथं उभी होती. साल सत्त्याऐंशी. जागा सौसरची एक जिनिंग, जिथं कापसातून सरकी वेगळी करतात. रात्र नव्हती, अमावस्या नव्हती. भर दिवस होता, बाहेर संत्र्यांच्या गाड्या भरून राहिल्या होत्या.

म्हणून तर अजून राग येते.

जिनिंगमध्ये एका मशीनवर दोघी समोरासमोर बसायच्या आणि तिच्या तोंडात कापूस टाकायच्या. माझी मोठी बहीण कमल आणि मोहगावची गुलाब, ही जोडी. कायदा एकच. पाचचा भोंगा झाल्याशिवाय उठायचं नाही, आणि उठताना दोघींनी आपापली बाजू पुसायची.

त्याच्या तीन वर्षांआधी गुलाबचा पदर पट्ट्यात गेला. कोणीतरी मेन स्विच पाडला, पण उशीर झाला होता. बाया ओरडत पळाल्या. जिनिंगला कुलूप लागलं.

त्या दिवशी पाचचा भोंगा झालाच नाही.

कोणाच्या ध्यानातही आलं नाही. मेल्या माणसाला कसली छुट्टी?

मग नव्या शेठनं जिनिंग उघडली. भोंग्याचं घड्याळ बिजलीवर चालायचं, ते पाहायला त्यानं मधुकर भाऊजींना बोलावलं. भाऊजी म्हणजे कमलचा नवरा. काम पांढुर्ण्याला शिकलेले, सौसरच्या बाजारात त्यांचं घड्याळाचं दुकान.

स्विच चढवला आणि घड्याळ चालू झालं... पावणेपाचपासून.

जिथं थांबलं होतं तिथूनच. मधे तीन वर्षं गेली, हे त्याच्या गावीही नव्हतं.

बाहेर तर सकाळ होती. तसंच सोडलं असतं तर भलत्याच वेळी भोंगा झाला असता आणि सगळं सौसर चक्रावलं असतं. म्हणून भाऊजींनी भोंग्याची तार काढली, काटा फिरवत पाचाच्या पुढं नेला, खऱ्या वेळेवर आणला आणि तार परत जोडली. शहाण्या माणसाचं काम. मीही म्हटलं, बेस केलं.

बाया कमी होत्या, त्यामुळं कमलला जोडीदारीण मिळाली नाही. समोरची जागा रिकामी. मी बाजूच्या मशीनवर.

पहिल्याच दुपारी मला दिसलं... रिकाम्या बाजूचा कापूस कमी होऊन राहिला होता.

वारा असेल म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

पाचला भोंगा झाला. आम्ही सगळ्या उठलो. कमल बसूनच.

"चाल ना बाई."

"भोंगा कुठं झाला वं?"

आमचे कान फाटायचे बाकी होते, आणि हिनं ऐकलाच नाही. पट्टे थांबले. शेड गप झाली. आणि त्या गपगार शेडमध्ये...

फर्र... फर्र...

कोणीतरी कापूस तोडत होतं. कमलचे हात तर तिच्या मांडीवर होते.

आम्ही तिला ओढतच बाहेर आणली. घरी भाकर पुढं ठेवली तर तुकडे करून हवेत टाकून राहिली, मशीनच्या तोंडात टाकतात तसे. पोटात काही जाईना. झोप नाही. डॉक्टर झाला, विहारात वंदना झाली. हाडं दिसू लागली. माझी बहीण माझ्यासमोर वाळून चालली होती आणि मला काही करता येत नव्हतं.

एक दिवस भाऊजी डोकं धरून बसले.

"मालती, काटा मी पाचावरून नेला, पण भोंगा वाजू नाही देल्ला. गुलाबची छुट्टी मीच खाल्ली. म्हणून ते कमलले उठू नाही देऊन राहिली."

रविवारी जिनिंग बंद असते. चौकीदाराला सांगून आम्ही तिघं आत गेलो. कमलला जागेवर बसवलं. भाऊजींनी काटा पावणेपाचावर आणला. तारेला हात लावला नाही. मग वाट पाहत उभे राहिलो.

मेलेल्या माणसाला शिव्या देऊ नये म्हणतात. मी गुलाबला तेवढ्या वेळात पोटभर दिल्या.

भोंगा झाला...

कमल उठली. इतक्या दिवसांनी हसली. फडकं घेऊन मशीन पुसली.

"झाली बाप्पा छुट्टी," म्हणाली.

भाऊजी तर रडायलाच लागले. मीही. घाईघाईनं फाटकाबाहेर आलो. आमचं घर डावीकडं. ती उजवीकडं वळली, मोहगावच्या रस्त्याला.

"कमल, इकडं ये," भाऊजी म्हणाले.

ती थांबली. परक्या पुरुषासमोर करतात तसा तिनं पदर नीट केला.

"कमल येऊन राहिली मागून, भाऊ. तिची बाजू पुसायची हाये अजून."

भाऊजी आत पळाले, त्यांच्यामागं मी. मशीनची एकच बाजू पुसलेली होती. समोरची, गुलाबची.

कमलच्या बाजूला धूळ तशीच होती. जागा रिकामी. आणि तिथला कापूस...

कमी होऊन राहिला होता.

भाऊजींनी त्या दिवशी आणि नंतरही कितीदा तो काटा फिरवला. कितीदा भोंगा वाजवला. कोणी उठलं नाही. पुढं शेठनं जिनिंग मोडली, मशिनी विकल्या. कुठं गेल्या, कोणी सांगत नाही.

ती मोहगावलाच असते, गुलाबच्या म्हाताऱ्या मायजवळ, शकुबाईजवळ. म्हातारी म्हणते, माझी लेक आली. भाऊजी तिथं जात नाहीत. मी जाते. चेहरा माझ्या बहिणीचा आहे, मी जाणार नाही तर कोण जाणार?

ती मला चहा देते. माणुसकीनं बोलते. आणि दरवेळी निघताना विचारते...

"कमल कशी हाये वं? अजून कामावरच काय?"

मी हो म्हणते.