सावळारामचं मशीन

सरका रं जरा, आणि ती मोबाईलची बत्ती बंद करा. भुतं न्हाईत म्हणता ना? बरं. लासुर्ण्याच्या सावळारामच्या बेंजो पार्टीत मी बारा वर्सं ढोल बडवलाय. त्याच्या पोराचं, ज्ञानेशचं हे. त्यानंच मला सांगितलं, खाली मान घालून.

ज्ञानेश बारामतीला इंजिनियरिंगला. तितं त्यांचा बँड, इलेक्ट्रिक गिटार, पंक का काय ते. दोन वर्सांमागं, सोळा फेब्रुवारीला, शुक्रवारी, तो कामानंच घरी आला. सकाळपतुर गाणं रेकॉर्ड करून पुण्याला धाडायचं, न्हायतर कार्यक्रमातनं बँडचं नाव कटणार. आणि गिटारचा आवाज काय जमंना. त्याला पायजे होता करकरीत, फाटका, तरी एकेक तार सुटी ऐकू येणारा. मोबाईलवर केला तर डासागत गुणगुणायचा. शेवटी रात्री साडेबाराला त्यानं मागच्या खोलीचं कुलूप काढलं. आत बापाचं, त्याच्या आप्पाचं, मशीन होतं, म्हंजी अँप्लिफायर आणि भोंगा.

बाप जाऊन वरीस झालं होतं, पण ह्यानं त्या मशीनला हात लावला नव्हता. का? तर निमगाव केतकीला त्याच्या मित्राच्या बहिणीची वरात होती. पुढं आमी वाजवतोय. सावळारामनं लेकाला बघितलं, हसून गुलालानं माखलेला हात वर केला. मित्रानं इचारलं, "ओळखीचा हाय का रं?" आणि हे शिकलेलं गाढव म्हणालं, "छे! कोण की."

सावळारामनं ऐकलं. हात खाली घेतला आणि वाजवत राहिला. दोन महिन्यांनी गेला. पोराला माफी मागायचा धीरच झाला न्हाय.

तर त्यानं गिटार जोडली. आवाज, बेस, ट्रेबल, तिन्ही बटणं फुल्ल. नुसता चिखल, सगळ्या तारा एकात एक! तास-दीड तास खटाटोप केला. दोन वाजले. तार लावायला त्यानं मान खाली घातली...

खट्.

बेसचं बटण मागं आलं. आपलं आपण. मग आवाजाचं. थोडंसंच.

त्यानं तार छेडली.

तोच आवाज! करकरीत. फाटका. एकेक तार सुटी.

आणि मागं कुणीतरी उभं होतं. मानंला श्वास लागत होता... घामाचा वास...

"भ्या न्हाय वाटलं, आबा," मला म्हणाला. "लाज वाटली. मागं बघायची लाज वाटली."

"आप्पा..." एवढंच त्याच्या तोंडातनं निघालं. "त्या दिशी मी..."



भोंगा तेवढा घुमत होता. मग तो बी थांबला.

वळला. कुणी न्हाय.

पहाटं आई, सरुबाई, चहा घेऊन आली ती दारातच थबकली. "ज्ञाना, घरात गुलाल कुठनं आला रं?"

बेसच्या बटणावर दोन बोटांचे ठसे. गुलालाचे. घामानं भिजलेले. ती पदरानं पुसाय गेली, तर त्यानं तिचा हात धरला.

गाणं त्यानं त्याच आवाजात धाडलं. निवड बी झाली. पण ते बटण तो कुणाला शिवू देत न्हाय. परवा गेलो तवा मी त्याची नजर चुकवून हळूच बोट लावलं.

दोन वर्सं झाली, पोरांनो... अजून ओलं हाय.