दाराकडे वळलेले बूट

रताळी अजून कडक आहेत, तोवर सांगतो. तुम्ही सोल शहरातून आलेली पोरं, तुम्हाला आमची तांदेका बाई माहीत नाही. बंदराच्या रस्त्यावर इंग्रजीची शिकवणी आहे ना, जिची पिवळी गाडी मी, तुमचा आजोबा, चालवतो, तिथं ती शिकवते. दक्षिण आफ्रिकेची आहे. हे तिच्याच बाबतीत झालं, मागल्या वर्षी, चुसोकच्या, सुगीच्या सणाच्या, आदल्या रात्री. म्हणजे आजच्याच रात्री. तिनं सांगितलं तसं सांगतो, माझं काही घालत नाही.

त्या दुपारी ती तांदूळ आणायला निघाली होती. जिन्यात शिकवणीच्या मालकीण बांग बाई भेटल्या. सणाची नाशपातींची पेटी त्यांनी तिच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "सुट्टीत जा की कुणा मैत्रिणीकडं. आज इमारतीत कुणी उरणार नाही."

"मी इथंच आहे."

"आधीच्या तिघीही हेच म्हणायच्या. शेवटची तर दोरीवर ओले कपडे टाकून गेली."

हे खरं होतं. शिकवणीच्या वर जी खोली परदेशी बाईंना राहायला देतात, तिथून तिघी रात्रीतून पळाल्या होत्या. दर वेळी पोरं अर्ध्या धड्यावर लोंबकळत राहिली. म्हणून तांदेकाच्या पहिल्याच दिवशी एका पोरीनं हात वर करून विचारलं होतं, "बाई, तुम्ही कधी पळणार?"

सगळा वर्ग हसला. तांदेका हसली नाही. म्हणाली, "मी वर्षभर राहणार. आणि जाईन तेव्हा दिवसा जाईन, तुम्हाला सांगून, पुढच्या दारानं."

शब्द देऊन बसली. आणि त्याच आठवड्यापासून बुटांचं सुरू झालं.

ती दारात बूट काढायची, कसेही, थकलेलं माणूस काढतं तसे. सकाळी बघावं तर जोड नीट लावलेला, टोकं दाराकडं. जणू कुणी म्हणतंय, घाला आणि निघा. तिला वाटलं, आपणच लावले असतील. मग ती मुद्दाम टोकं आत करून झोपायला लागली. सकाळी पुन्हा दाराकडं. ती पुन्हा आत वळवायची. असं कित्येक दिवस चाललं. कुणाला बोलली नाही, पण हटलीही नाही.

तर त्या दुपारी तांदूळ घेऊन ती कोपऱ्यावरच्या ओक्बुन आजीच्या खानावळीत बसली. आजीनं गरम रस्सा आणि भात दिला. तांदेकानं भातात चमचा उभा रोवला आणि पेला भरायला वळली, तोच आजीनं तिच्या हातावर चापट मारली.

"काढ तो. भातात चमचा उभा रोवतात तो मेलेल्या माणसासाठी, पूजेच्या ताटात. 'या, जेवा' म्हणून."

तांदेकाचा हात तसाच राहिला. "आजी, मी तर रोज असंच करते. घरी. एकटी जेवताना."

"त्या खोलीत?" आजीनं कढईखालचा गॅस बंद केला. "अगं पोरी, त्या खोलीत मालसुन मेली. रोज बोलावतेस तिला."

"कोण मालसुन?"

"होती एक खवचट म्हातारी, तिथंच राहायची. घरात कुणाला टिकू द्यायची नाही, सुनेलासुद्धा नाही. पाहुण्याचा चहा संपला न संपला तोच त्याचे बूट दाराकडं वळवून ठेवायची. शेवटी एकटीच राहिली. तिच्या नावानं भात ठेवायलाही कुणी येत नाही." मग आजी हळू बोलली, "आज माझ्याकडं झोप."

"आज तुमच्याकडं झोपले तर उद्या त्या खोलीत जायचा धीर होईल का मला?"

आजीनं गॅस पुन्हा पेटवला.

रात्र पडली. चंद्र जवळजवळ पूर्ण होता. इमारतीत एकही दिवा नव्हता, फक्त तिचा. तांदेकानं भात शिजवला. दोन वाट्या भरल्या. एक नाशपाती सोलली. बूट काढले होते ते पाहिले, टोकं आत केली. मग समोरच्या वाटीत चमचा उभा रोवला. या वेळी जाणूनबुजून.

आणि बसून राहिली.

बराच वेळ काही नाही. बाहेर बंदरावर एक होडी खडखडत होती. तीही थांबली.

मग दाराचं आकड्यांचं कुलूप वाजलं.

तुम्हाला माहीत आहे, आकडे दाबले की कसं टुणटुण वाजतं. एक आकडा. थांबून दुसरा. म्हाताऱ्या बोटानं दाबावेत तसे... सावकाश. चूक एकही नाही.

दार उघडलं. थंड वारा आला.

जिन्यात कुणी नव्हतं.

दार आपोआप लागलं.

उंबऱ्याजवळ काहीतरी घासलं. रबर फरशीवर घासावं तसं. मग पावलं. हलकी. अनवाणी. खालून तापवलेल्या जमिनीवरून... तिच्याकडं.

याच वेळी त्या तिघी पळाल्या असणार. तांदेकानं गुडघे पोटाशी घेतले. ते तिनं हातांनी धरून ठेवले.

"आजी," ती म्हणाली. आवाज फाटला. पुन्हा म्हणाली, "आजी. जेवायला आलात तर बसा. आमच्याकडंही घरातल्या मेलेल्या माणसांना वाढतात. पण मला घालवायला आला असाल तर... मी जाणार नाही. मी पोरांना शब्द दिलाय."

काही नाही.

"बूट रोज वळवा. मी रोज परत वळवीन. माझे हात तुमच्यापेक्षा तरुण आहेत."

काही नाही...

वाटीतला चमचा हलला. एकदाच. कडेला टेकून आडवा झाला.

तांदेकानं आपला चमचा उचलला आणि जेवली. थंड भात, सगळा. हे तिनं मला सांगितलं तेव्हा तिचे डोळे भरले होते, पोरांनो. म्हणाली, समोर कुणीतरी हळूहळू चावत होतं. कवळी नसलेल्या तोंडानं.

ती कधी झोपली, तिला कळलं नाही. सकाळी उन्हानं जाग आली. ती दाराकडं गेली.

बूट होते. टोकं आत. तिनं ठेवले होते तसेच.

आणि त्यांच्या शेजारी, फरशीवर, जुन्या रबरी सपातांचा ओला ठसा. लहान पावलं. एकमेकांजवळ. त्यांचीही टोकं आतच.

तांदेका वर्षभर राहिली, आता दुसरं चालू आहे. वर्गात 'कधी पळणार' असं तिला आता कुणी विचारत नाही. परवा मी सणाची पेटी द्यायला वर गेलो, दारात माझे बूट काढले. तो ठसा तिथंच होता. बोट लावून पाहिलं.

अजून ओला होता.