चाकाखालची चार लिंबं

सोनियाच्या स्कूटीला आडवी एक लाल गाडी उभी होती, आणि ती हलणार नव्हती... चारी चाकांखाली लिंबं होती.

म्हसवडला सिद्धनाथाच्या देवळामागं, भर दुपारी. कडेवर तिची चार वर्षांची लेक राणी, तापानं फणफणलेली. बारा किलोमीटरवरचा दवाखाना दोनला बंद होणार, आणि दीड वाजलेला.

“गाडी काढा.”

“आवं, पूजा व्हायचीय,” गाडीवाला म्हणाला. अमृत त्याचं नाव, शिरवळच्या कारखान्यात मशीनवर. “गुरव जेवायला गेलाय. लिंबं ठेवल्यावर पूजेआधी चाक फिरलं तर आई घरात घ्यायची न्हाई.”

“मग गुरव बघून लिंबं ठेवायची.”

“चुकलं. तवर गाडी तरी बघा. सेकंडहँड, स्वस्तात घेतली, पण दीड लिटर टर्बो इंजिन हाय. सहा गियर. नऊ सेकंदांत शंभरला जाती.”

“जाते ना? मग जाऊ दे की.”

तो हसला. सोनियाचा संताप आणखी चढला. मग त्याची नजर राणीच्या लाल गालांवर गेली आणि हसू विरलं.

“ताप हाय व्हय? मिस्टरांना फोन लावू?”

“मिस्टर आहेत. आता माझे नाहीत.”

“...मग गाडीत बसा. ह्या उन्हात स्कूटीवर न्हेता व्हय लेकराला?”

“ह्या दोन दारांच्या डबीत? लेकराबाळांचा माणूस असली गाडी घेत नाही.”

त्यानं पुढची सीट सरकवून मागची जागा दाखवली. “दिसाया झ्याक म्हणून घेतली, खोटं कशाला बोलू. पण बघा... मागं दारच न्हाई. पोरगी उघडंल काय?”

सोनियानं राणीला घट्ट धरलं. पाचगणीच्या घाटात राणीनं चालत्या जीपचं दार उघडलं होतं. फ्रॉकचं टोक हाताला लागलं, म्हणून पोर राहिली. तेव्हापासून ती पोरीचा हात धरूनच झोपायची. हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

ती मागं बसली. “आणि लिंबं?”

त्यानं गाडी सुरू केली. फच्... चार वेळा.

संध्याकाळी तो तिची स्कूटी घरी पोचवून गेला. पुढच्या रविवारी एसटीनं आला, राणीचा ताप विचारायला. त्याच्या पुढच्या रविवारीही एसटीनंच.

“आता कशाला आलात?”

“तुमी रागावल्याबिगर करमंना.”

ती इतकी रागावली, की त्याच्या चहात दोनदा साखर पडली. “आणि गाडी कुठंय?”

“दारात, ताडपत्रीखाली. पूजा परत झाल्याबिगर आई हात लावू देत न्हाई.”

इतके दिवस ह्याबद्दल एक शब्द बोलला नव्हता तो. तिला त्याचाही राग आला... आणि डोळे भरून आले.

दोन महिन्यांनी गाडी पुन्हा देवळामागं उभी होती. ह्या खेपेला गुरव आधी हजर. अमृतच्या आईनं, हरणाबाईनं, चार लिंबं सोनियाच्या ओंजळीत दिली.

“आदली तुझ्यापायी फुटली. ही तूच ठेव, बाय.”

तिनं तीन ठेवली. चौथं मुठीत धरून काचेतून सहज मागच्या सीटवर नजर टाकली. तिथं लेकराची छोटी सीट पट्ट्यांनी घट्ट बसवलेली.

“ही कधी बसवली?”

“दवाखान्यातनं आलो... त्याच सांजेला.”

“आणि मला आज कळतंय,” ती तशीच धुसफुसत म्हणाली, आणि वाकून चौथं लिंबू चाकाखाली ठेवलं.