अहो, पेटीवाले!

"वस्तू नाजूक आहे का?" कानावरची पेन्सिल काढत त्याने विचारले.

"फार नाजूक."

"वजन?"

"आज दोन किलो. पुढे वाढेल."

पेन्सिल थबकली. आजवर त्याने व्हायोलिनसाठी, बासऱ्यांसाठी आणि एकदा तर एका अवाढव्य झुंबरासाठीही पेट्या बनवल्या होत्या. पण त्यांपैकी एखादी वस्तू पुढे वाढल्याचे त्याच्या ऐकिवात नव्हते.

"ओलाव्याचा काही त्रास?"

"ओलावा हाच तर सगळा त्रास आहे हो!"

"आणि ने-आण करताना उलटी झाली तर चालेल?"

"कालच झाली. माझ्या मांडीवर."

त्याने सावकाश मान वर केली. "मी पेटीबद्दल विचारतोय."

"आणि मी पिल्लाबद्दल सांगतेय," ती म्हणाली. आणि तेवढ्यात तिच्या खांद्यावरच्या पिशवीतून एक तपकिरी डोके बाहेर आले, त्याने इकडेतिकडे पाहिले आणि टेबलावरची मोजपट्टी तोंडात धरली.

रंधा मारलेल्या लाकडाच्या त्या वासात दोघेही असे काही हसले, की शेजारचा दुकानदार डोकावून गेला. माप घ्यायला अर्धा तास लागला. पिल्लू पट्टी सोडीना, आणि सोडवू पाहणाऱ्या दोन हातांची बोटे पुन:पुन्हा एकमेकांत अडकत राहिली.

ती चष्म्यांच्या दुकानात लोकांचे डोळे तपासत असे. दिवसभर परक्यांच्या डोळ्यांत वीतभर अंतरावरून पाहायचे आणि मनात काही म्हणून येऊ द्यायचे नाही, ही तिच्या कामाची शिस्त. म्हणूनच तिला स्वतःचे नवल वाटले. पेटीवाल्याकडे तिने धड पाहिलेही नव्हते. तरी त्याचे डोळे किंचित पिंगट आहेत, आणि हसण्यापूर्वी डावा जरा आधी बारीक होतो, हे दुकानाबाहेर पडेपर्यंत तिला तोंडपाठ झाले होते!

पिल्लू तिने एका ग्राहकाकडून आणले होते, कुणालाही न विचारता. आणि ज्या घरात आणले, ते घर आत्याचे होते. आत्या म्हणजे एका मोठ्या इस्पितळाची निवृत्त मेट्रन. तिची चाहूल लागताच भले भले डॉक्टर कोटाची बटणे लावू लागत.

"पेटी येऊ दे," आत्याने बजावले. "पण माझ्या गालिच्यावर एक थेंब जरी दिसला, तरी पिल्लू आल्या पावली परत. मग रडारड चालायची नाही." आणि पिल्लाकडे वळून ती म्हणाली, "अहो, ऐकलंत ना? आधी ते पायपुसणं सोडा."

"आत्या, अगं पिल्लाला काय अहो म्हणतेस!"

"ओळख पटल्याशिवाय मी कुणालाही अरे-तुरे करत नाही."

अखेर पेटी आली. कडा घासून गोल केलेल्या, समोर गजांचे दार, दाराला पितळी कडी, तळाशी जाड गादी. मात्र आकार असा, की आत्या म्हणाली, "यात मीसुद्धा मावेन."

"वाढेल म्हणाल्या होत्या ना," पेटीवाला कानापर्यंत लाल होत म्हणाला. "म्हटलं, पुढचं बघूनच करावी..."

दार उघडेच ठेवून तिने खाण्याची वाटी आत सरकवली. पिल्लाने एक पाय आत टाकला, बाहेर घेतला. पुन्हा टाकला. मग शेपूट हलवत सगळेच्या सगळे आत शिरले, आणि कुणीही न सांगता गादीवर अंगाचे मुटकुळे करून झोपले. ती आनंदाने टाळ्याच वाजवणार होती; पण त्याने ओठांवर बोट ठेवले, आणि ती त्या बोटाकडेच पाहत राहिली.

आनंद सकाळपर्यंत टिकला. सकाळी पाहते तो पेटीच्या या टोकाला पिल्लू सुखाने निजलेले, आणि त्या टोकाला... छे, काय होते ते सांगायला हवे का? पशुवैद्यांना फोन केला तर ते पोट धरून हसले. पिल्लू झोपायच्या जागेत घाण करत नाही, ते म्हणाले. पण तुम्ही त्याला दोन खोल्यांचे घर दिलेत. उभे राहता, वळता आणि पसरता येईल, एवढीच जागा ठेवा.

तिने लगेच दुसरा फोन लावला. "अहो, पेटीवाले! तुमच्या पेटीत झोपायची खोलीही निघाली आणि न्हाणीघरही!"

"मग चुकलं कुठे?"

"न्हाणीघरात!"

संध्याकाळी तो एक फळी घेऊन हजर. पेटीच्या मध्ये ती उभी बसवून त्याने पिल्लापुरती जागा आखली. "ते वाढेल तशी दर आठवड्याला ही मागे सरकवावी लागेल," तो घसा खाकरून म्हणाला. "मलाच येऊन... जरा कौशल्याचं काम आहे हे."

"मला तर दोनच खिट्ट्या दिसतायत," आत्या वर्तमानपत्रामागून म्हणाली.

"दिसायला दोनच आहेत, आत्याबाई."

असे घराचे वेळापत्रक पिल्लाच्या हाती गेले. जाग आली की खाली, खाणे झाले की खाली, खेळून दमले की खाली. आवाराच्या भिंतीलगतचा तोच कोपरा, तीच हळू हाक, "चल, करून टाक"; आणि एकदाचे झाले, की असा जल्लोष, जणू पिल्लाने किल्ला सर केला आहे! समोरच्या खिडक्यांतली माणसे आधी दचकली, मग तीही "झालं का हो?" म्हणून विचारू लागली. पेटीचे दार मिटल्यावर पिल्लू कुरकुरले, तर ती श्वास रोखून बसे आणि ते गप्प झाल्यावरच दार उघडी. दुकानातून दुपारची धावत घरी येई, पिल्लाला फिरवी, पुन्हा धावत जाई. दमछाक होई, पण दर शनिवारी, जिन्यावर ती ओळखीची पावले वाजली की सारा शीण उतरे. दोन खिट्ट्यांच्या त्या कामाला आता दोन-दोन तास पुरेनासे झाले होते.

अशाच एका शनिवारी पाऊस भुरभुरत होता. आवारात छत्री एकच, आणि ती दोघांनी मिळून पिल्लावर धरलेली. त्यामुळे पिल्लू कोरडे, आणि दोन शहाणी माणसे चिंब. पिल्लाने जमीन हुंगली, एक गिरकी घेतली, खाली बसू लागले...

"अहो, छत्री जरा डावीकडे," ती कुजबुजली.

पिल्लाचे कान टवकारले. सगळे सोडून ते शेपूट हलवत तिच्या पायाशी आले.

"जा बरं बाळा, जा." ते गेले. पुन्हा गिरकी. पुन्हा बसायची तयारी...

"अहो, आता हलू नका हं—"

पुन्हा धावत परत! असे तीनदा झाले. शेवटी कुडकुडत सगळे वर आले. आणि दारातून आत शिरताच पिल्लू थेट गालिच्याच्या मधोमध गेले, आणि खाली जे राहिले होते ते निवांतपणे उरकून मोकळे झाले.

आत्याने वर्तमानपत्र खाली ठेवले. त्याची घडी घातली. ती घडी घालायला तिने जेवढा वेळ घेतला, तेवढ्यात भाचीचे अर्धे रक्त आटले.

"आत्या, एक संधी दे. एकच."

"ती फळी किती दिवसांची आहे?" आत्याने पेटीवाल्याला विचारले.

"अजून... चार आठवडे."

"मग मुदतही तेवढीच. फळी निघेल त्या दिवशी यांनी स्वतः होऊन सांगितलं पाहिजे, मला बाहेर जायचंय म्हणून. नाही सांगितलं, तर यांचं सामान बांधायचं."

जिन्यात येईपर्यंत तिने डोळ्यांतले पाणी कसेबसे आवरले. पिल्लू जाणार या विचाराने जीव तुटत होता. आणि पिल्लू गेले तर पेटीही जाईल, पेटी गेली तर शनिवारही... ते तिने मनातसुद्धा पुरते म्हटले नाही.

"एक लक्षात आलंय माझ्या," तो म्हणाला. "तुम्ही 'अहो' म्हटलंत की ते परत येतं."

"काहीतरीच!"

"म्हणून तर बघा."

तिने त्याच्याकडे पाहिले. "अहो..." ती हळूच म्हणाली.

वरच्या दारातून पिल्लू टुणटुणत पायऱ्या उतरून आले आणि दोघांच्या मध्ये बसले.

"बघितलंत? त्याला वाटतं, त्याचं नावच अहो आहे. आत्याबाई दिवसभर दुसरं काय म्हणतात त्याला?"

रडू आणि हसू एकदमच फुटले तिला. "अगंबाई! आता नाव कसं बदलायचं त्याचं?"

"त्याचं कशाला? बिचाऱ्याला तेवढं एकच कळलंय. आपणच बदलू."

"म्हणजे?"

"म्हणजे... मला अहो म्हणू नका."

"मग काय म्हणू?"

जिन्याच्या कठड्यावरून थेंब ठिबकत होते. तो ते मोजत असल्यासारखा तिकडे बघत राहिला.

"अरे म्हणा."

"अरे म्हणा, की अरे म्हण?"

"...म्हण."

"नाही बाई, आधी तू!" ती म्हणाली, आणि चटकन तोंडावर हात नेला. पण जे जायचे ते गेलेच होते.

त्यानंतरचे आठवडे कसे गेले? वाऱ्यावर गेले! आवारात आता 'अरे' आणि 'अगं' यांची नुसती बरसात सुरू झाली. पिल्लू निश्चिंतपणे आपले काम उरकू लागले. दाराशी आले की ती थांबे, पिल्लाचा पंजा धरून दारावर हलकेच टेकवी आणि मगच दार उघडी. दर वेळी. कंटाळा न करता.

"अरे-तुरेवर आलात वाटतं?" आत्याने एकदा हटकलेच.

"पिल्लासाठी, आत्या!"

"हो का? पिल्लाचे फारच उपकार झाले म्हणायचे."

पण गालिचा कोरडा असूनही तिच्या जिवाला घोर होता. पिल्लू अजून एकदाही स्वतः होऊन दाराशी गेले नव्हते. ते अंगाने भरले की तिला हर्ष होई, आणि फळी सरकली की काळजात धस्स होई. आता पेटीत वीतभर जागा उरली होती. मग चार बोटे. मग...

त्या शनिवारी त्याने खिट्ट्या सोडवल्या आणि फळी अलगद बाहेर काढली. पिल्लू, म्हणजे आता चांगला दांडगा कुत्राच, पेटीभर ऐसपैस पसरून डोळे मिटून पडले.

"झालं," तो म्हणाला.

"झालं," ती म्हणाली.

"काही अडलं तर... कळव."

"आता काय अडणार?"

तो काही बोलेल म्हणून ती थांबली. ती काही बोलेल म्हणून तो थांबला. मग त्याने फळी काखेत मारली, आत्याबाईंना नमस्कार केला, आणि गेला. लागलेल्या दाराकडे ती नुसती बघत राहिली.

पेटीत हालचाल झाली. पिल्लाने आळस दिला. बाहेर आले. गालिच्याच्या कडेकडेने, त्यावर पाऊल न टाकता, ते दाराशी गेले; मागे वळून त्याने आत्याकडे पाहिले, आणि पंजा उचलून दारावर टेकवला. एकदा. पुन्हा एकदा.

"थांब रे राजा, उघडते," म्हणत आत्या उठली.

"आत्या! तू त्याला—"

"ओळख पटली," आत्या करारीपणाने म्हणाली. पण तिचा आवाज किंचित ओला होता. दार उघडून ती कठड्यावरून खाली वाकली. "मुक्या जनावराला काय हवं ते दाराशी जाऊन सांगता आलं. आणि तू, एवढी शिकलेली, मूग गिळून बसलीयस! ने त्याला खाली. सावकाश उतर हं, तो शहाणा अजून पहिल्याच मजल्यावर रेंगाळतोय."

सावकाश? कुत्रा तिला ओढत होता, की ती कुत्र्याला, हे सांगणे अवघड होते. धाडधाड पायऱ्या उतरून, पेटीवाल्याला मागे टाकून, दोघेही भिंतीलगतच्या कोपऱ्यात पोचले. कारण काही झाले तरी आधीचे काम आधी.

"त्यानं स्वतः सांगितलं!" ती धापा टाकत ओरडली. "दारावर पंजा ठेवून! आत्या त्याला रे म्हणाली!"

"खरंच?" तो फळीसकट धावत आला. "म्हणजे राहणार तो?"

"राहणार!"

तिच्या गालावर केस चिकटले होते. त्याने फळी या काखेतून त्या काखेत घेतली.

"एक सांगायचं होतं," तो म्हणाला. "या फळीला... काहीच कौशल्य लागत नाही. खिट्टी दाबली की सरकते. कुणालाही जमेल."

"माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"पहिल्याच आठवड्यापासून. तू यायच्या आदल्या दिवशी मी सरकवली होती. मग..." ती दोरीशी चाळा करू लागली. "मग पुन्हा होती तिथे आणून ठेवली."

तो बघतच राहिला. "पिल्लाची अडचण झाली असेल!"

"एकाच दिवसाची. मी माफी मागितली त्याची." तिने मान वर केली. आता मागे फिरायचे नाही, हे तिने ठरवले होते. "मला तू आवडतोस. फळीच्या आडून नाही, सरळ सांगतेय. उद्या ये. काही काम नसताना ये."

त्याने फळी भिंतीला टेकवून ठेवली. हात पँटला पुसले, आणि दोरी धरलेल्या तिच्या हातावर आपला हात ठेवला.

"उद्या कशाला?" तो म्हणाला. "आत्तासुद्धा मला काहीच काम नाहीये."