बायकांची ओळ

"ते आधी बंद करा," मी म्हणाले.

त्याने बंद केलं नाही. मान वर करून नुसता हसला, बोटं चालूच.

दुकान राधाकृष्णचं, सुप्याच्या चौकातलं. रेडिओ, टेप, माईक, जे बिघडेल ते दुरुस्त करून द्यायचा तो. आमच्या गायन पार्टीचा माईक खरखर करायला लागला होता, म्हणून कंपनीतून सुटल्यावर मी तशीच भुरभुर पावसात तिकडे वळले. बघते तर स्टुलावर एक अनोळखी पोरगा कॅशिओ मांडून बसलेला. आणि वाजवत काय होता? माझं गाणं. मी लिहिलेलं, मी चाल लावलेलं, चौदा एप्रिलला, जयंतीच्या स्टेजवर मी म्हटलेलं. खाली मशीनचा ताल, ढिक्चिक ढिक्चिक, लग्नाच्या वरातीसारखा. अंगाची नुसती लाही झाली.

"का? आवडलं न्हाई?" त्याने विचारलं.

"गाणं आवडलं. माझंच आहे ते."

आता मात्र हात थांबले. ताल तसाच चालू. गडबडीत त्याने भलतंच बटण दाबलं आणि ताल दुप्पट जोरात सुटला. राधाकृष्णने शेवटी वायरच उपटली. मला हसू येत होतं, पण मी ते गिळलं. राग म्हणजे राग.

"मनकर्णाताई... तुमीच का?"

"ताई नको. नुसतं मनकर्णा. आणि हे कुठून उचललंत?"

"आमच्या कंपनीत तुमच्या वस्तीतला एक जन हाय. त्यानं जयंतीत माईकच्या वायरीवरनं टेप केलं हुतं. मला लई आवडलं, म्हनून बसवलं. मी तुषार." मग जरा फुशारकीनेच म्हणाला, "कॅसेट खराब हुती, पन मी नीट केलंय."

"खराब म्हणजे?"

"मधीमधी आवाजच न्हाई. तुमी विचारता, सांगा बायांनो... आन् मग गप. एकदम पुढचं कडवं. लाईट गेली आसंल, न्हाईतर टेप अडकला आसंल. ते गप आसलेलं सगळं काढून टाकलं. आता कसं, सलग जातं."

मी माईक टेबलावर ठेवला आणि त्याच्यासमोर उभी राहिले. माझ्या गाण्यात असं येतं:

शाळेच्या गं दाराला कडी होती लावून,
सांगा बायांनो, आत गेलं कोण कडी काढून?

एवढं म्हणून मी थांबते. आमच्या पार्टीची ही रीतच आहे. कडव्याची शेवटची ओळ गाणाऱ्याने म्हणायचीच नाही, ती समोर बसलेल्या बायकांची. त्या उचलतात, 'आमी गेलो, आमी गेलो,' आणि त्यांचं झालं की ढोलकी पुन्हा सुरू होते. माईक असतो माझ्या तोंडापुढे. बायका असतात खाली, लांब, सतरंजीवर. टेपमध्ये त्यांचा आवाज येणार कसा?

हे सगळं मी त्याला सांगितलं. गोड आवाजात सांगितलं असं म्हणणार नाही.

त्याचे कान लाल झाले. "म्हंजी... लाईट गेलीच न्हवती."

"नाही."

"म्हंजी मी... बायाच काढून टाकल्या की."

इतक्या सरळ मनाने तो म्हणाला की माझी भांडायची सगळी तयारी वाया गेली. "रविवारी विहारात तालीम असते," मी म्हणाले. "खरं गाणं ऐकायचं असेल तर या. मशीन आणा. ते ढिक्चिक तेवढं घरी ठेवून या."

तो आला. वंदना झाल्यावर मागे भिंतीला टेकून बसला. पार्टीतली पोरं आधीच कुजबुजायला लागली होती, की हे यंत्र आपलं नव्हे, याने गाणं बाटेल. भीमराज मामाने, म्हणजे माझ्या सख्ख्या मामाने, ढोलकीची दोरी ओढता ओढता त्यांना गप्प केलं. पार्टी त्याची, शब्दही त्याचा.

"माझ्या बापानं पेटी आनली, तवा लोक म्हनले हे भजनाचं खोकं कशाला. मी बँजो आनला, तवा म्हनले ह्याला पिच्चरचं खूळ लागलं. कव्वालीवाल्यांचा ठेका आपन घेतला, तमाशातली चाल घेतली, कुनाचं काय घेतलं न्हाई? येऊ द्या की ह्याला. पन येक ध्यानात ठेव, पोरा. बायकांची ओळ सोडायची न्हाई. ती ग्येली की आपलं गानं ग्येलं."

ओळखीपाळखीच्या सगळ्या बायका त्या दिवशी जमल्या होत्या. मी विचारलं, त्यांनी उत्तर दिलं. तुषारच्या अंगावर काटा आलेला मला पुढूनही दिसला. त्या दिवशी त्याने एकही सूर वाजवला नाही.

मग दर रविवारी तो यायला लागला. मशीनच्या तालाला हात लावायचा नाही. पायाने ठेका धरायचा, बायका गात असताना बोटं उचलून धरायचा, आणि त्यांचा शेवटचा सूर विरता विरता त्याखाली हलकेच एक सूर ठेवायचा, बाळाच्या डोक्याखाली हात घालतात तसा. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा मी पुढचं कडवंच विसरले. गाणं माझंच होतं... पण ते आत्ताच जन्माला आल्यासारखं वाटलं.

"सारखं माझ्याकडे काय बघतोस?" एकदा मी विचारलं. अहो-जाहो कधीच गळून पडलं होतं.

"तू कवा थांबशील ते कळाया नगं?"

"थांबायच्या आधी मी श्वास घेते. तेवढं ऐकलं तरी पुरे."

"ऐकू येतं की."

"मग बघायचं कशाला?"

"ते... वेगळं काम हाय."

मला तो आवडायला लागला होता. आडपडदा कशाला, जीवच जडला होता. रविवार उजाडला की मी वेणी दोनदा घालायचे आणि आई गालात हसायची. पण मला सगळं दिसत होतं. त्याचे वडील उत्तमराव त्यांच्या गावातले मानाचे शेतकरी. जयंतीला वर्गणी द्यायचे, फोटोला हार घालायचे, भाषणही ठोकायचे. पोराने मात्र दर रविवारी आमच्या वस्तीत बसावं हे त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. आणि मी काही चोरून भेटणाऱ्यातली नाही. म्हणून मी बोलले नाही. तोही नाही.

दिवाळीनंतर जामखेडच्या कार्यक्रमात नगरच्या आबासाहेबांनी आम्हाला ऐकलं. त्यांचा कॅसेटचा स्टुडिओ होता. म्हणाले, गाणं नवीन आहे, कीबोर्डने झकास उठतंय, कॅसेट काढू. मला रात्रभर झोप नाही. माझं गाणं जिल्हाभर वाजणार, टेम्पोत, टपरीवर, लग्नात. आणखी काय हवं होतं मला?

ठरल्या दिवशी आम्ही नगरला पोचलो, ते टेम्पोभर बायका घेऊन. पुढे माझी आई लंकाबाई, पार्टीची जुनी कोरसवाली, नवं लुगडं नेसून. तुषार गावातून परस्पर आला होता, मशीन लावून आत बसला होता. आबासाहेबांनी दारातच हात आडवा केला.

"अहो, एवढ्या बायका कशाला? खोली केवढी, माणसं केवढी. कोरसला माझ्याकडे दोन मुली आहेत. गोड गातात."

"त्या कुठल्या शाळेत गेल्या कडी काढून?" मी विचारलं.

"म्हणजे?"

मी समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवली. "कॅसेटला असलं थांबणं चालत नाही, बाई. लोकांना सलग लागतं. नाचता आलं पाहिजे."

"नाचू द्या की. ठेका कसलाही लावा, वाद्य कुठलंही घाला, माझी ना नाही. पण मी प्रश्न विचारणार आणि उत्तर ह्या देणार. उत्तर भाड्याने आणायचं नाही."

"हट्ट सोडा," ते शांतपणे म्हणाले. "चाल तुषारला येते. आवाज दुसरा आणता येईल. तुषार, तू बस. इथं कायमचं काम देतो म्हटलंय ना तुला."

मी तुषारकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर ती विनवणी झाली असती, आणि विनवणी मला करायची नव्हती. कंपनीतल्या पाळीला तो किती कंटाळला होता ते मला ठाऊक होतं. असं काम पुन्हा कोण देणार होतं त्याला?

मागे बटण दाबल्याचा आवाज आला. मग वायर गुंडाळल्याचा.

"गानं तिचं हाय," तुषार म्हणाला. "ती गाईल तसंच वाजंल. न्हाईतर माझ्याकडून वाजनार न्हाई."

बाहेर रस्त्यावर दुपारचं ऊन तापलं होतं. बायका टेम्पोत चढत होत्या, आबासाहेबांचा उद्धार करत. मी तुषारला गाठलं. डोळे भरून आले होते, म्हणून आवाज चढवला.

"माझ्यासाठी काम सोडलंस? मला उपकार नकोत कुणाचे."

"तुझ्यासाठी न्हाई. गान्यासाठी सोडलं."

"आणि... माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठी घर सोडलं," तो म्हणाला आणि खांद्यावरची पिशवी दाखवली. कपड्यांनी फुगलेली. "काल रात्री वडलांना समदं सांगितलं. तुझं नाव, आडनाव, वस्ती. मला तीच पायजे, म्हनलं. ते म्हनले, मंग ह्या घरात यायचं न्हाई. मी म्हनलं, बरं."

"मला न विचारता?"

"त्यांना सांगायला तुला कशाला विचारायचं? मन माझं हाय." मग त्याचा आवाज एकदम खाली आला. "तुला आत्ता विचारतोय. तू न्हाई म्हन, चालंल. मी काय परत जानार न्हाई. सुप्यात खोली बघीन. रविवारी तालमीला तेवढं येऊ देशील ना?"

टेम्पोत सगळ्या जणी कान लावून. आई फळीला धरून वाकली होती.

"कॅसेटचं काय करायचं?" मी विचारलं. मला आधी तेच सुचलं, मी तरी काय करू.

"आपनच करू, विहारात. राधाकृष्ण रेकॉर्डिंगचं मशीन देईल. दोन माईक लावू, एक तुझ्यापुढं, एक बायकांत."

"बायकांतला मोठा लाव," आई वरून म्हणाली. "आन् काय रं, सकाळधरनं काय खाल्लंस का न्हाई?"

"न्हाई, मावशी."

"सरका गं जरा," आई बायकांना म्हणाली. "जावयाला जागा करा."

"आई, मी अजून हो म्हटलेलं नाही," मी म्हणाले.

"मंग म्हन की. ऊन लागतंय."

मी टेम्पोच्या फळीवर पाय ठेवला, वर चढले, आणि सगळ्यांच्या देखत हात खाली केला. "चल," मी त्याला म्हणाले. "मला तू हवा आहेस. आज नाही, कधीपासूनच." त्याने आधी मशीन वर दिलं, मग पिशवी, मग हात. टेम्पो सुटला. नगरच्या भर बाजारातून, भर दुपारी, मी त्याचा हात हातात घेऊन उभी होते. लोक वळून वळून बघत होते. म्हटलं, बघा.