सढळ हाताने दिलेलं

पियानो दारातून आत येईना, तेव्हा सुताराला बोलावून दाराची चौकटच काढावी लागली. विद्यापीठाच्या संगीत विभागात त्या सकाळी कुणी काही शिकवलं नाही. विद्यार्थी जिन्यावर दाटीवाटीने उभे राहून हमालांना फुकटचे सल्ले देत होते आणि संचालक घाम पुसत ‘सांभाळून, सांभाळून’ असा जप करत होते. पियानो शिकवणाऱ्या मॅडम मात्र लांब उभ्या राहून नुसत्या हसत होत्या. आजवर ज्या पियानोवर त्यांनी मुलं घडवली, त्याच्या कित्येक पट्ट्या मुक्या होत्या आणि एकीखाली खोडरबर कोंबलेला होता. आता असलं वाद्य आयतं चालून आलं होतं.

देणारी एका बड्या वकिलाची विधवा होती. वकीलसाहेब स्वतः उत्तम वाजवायचे म्हणे. ते गेल्याबरोबर वकिलीणबाईंनी पियानो विभागाला देऊन टाकला, शिवाय एका होतकरू विद्यार्थ्यासाठी शिष्यवृत्तीही ठेवली. आभाराच्या भाषणात संचालक ‘सढळ हाताने’ इतक्यांदा म्हणाले, की मागच्या रांगेतली मुलं हसू दाबायला लागली. वकिलीणबाई हात शालीत गुंडाळून बसल्या होत्या. किल्ली देताना हात बाहेर आले, तेव्हा मॅडमना दिसलं की त्यांची बोटं मधल्या पेरांशी वाकडी होती.

“पडले होते,” वकिलीणबाई न विचारताच म्हणाल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “एकच अट आहे. हा परत करायचा नाही. काही झालं तरी.”

“अहो, परत कोण करतंय!” मॅडम म्हणाल्या.

मॅडमच्या मनात भाची घोळत होती. बहीण गेल्यावर त्यांनी पोरीला पोटच्या लेकीसारखं वाढवलं होतं. आता ती त्यांच्याच हाताखाली शेवटच्या वर्षाला होती. देणगीदारांसाठी दरवर्षी आभाराचा कार्यक्रम व्हायचा. यंदा तिथे ती या पियानोवर वाजवणार होती, आणि चांगलं वाजवलं तर शिष्यवृत्ती तिचीच होती. पोरीच्या हातांना मॅडम इतक्या जपत, की तिला घरात सुरीला हात लावू देत नसत.

पहिला अपघात एका लाजाळू विद्यार्थ्याला झाला. खोलीत तो आणि मॅडम दोघंच होते. मॅडम नेहमीसारख्या खिडकीशी उभ्या राहून ऐकत होत्या. एक सूर चुकला. मग लाकडावर लाकूड आपटल्याचा आवाज आला. मॅडम वळल्या, तेव्हा पट्ट्यांवरचं झाकण बंद होतं आणि मुलाची बोटं आतच होती.

सुताराने झाकण पुन्हापुन्हा उघडून-मिटून पाहिलं. “बिजागरी चांगली घट्ट आहे. हे आपसूक पडणार नाही,” तो म्हणाला. संचालकांनी तरी नवी बसवून घेतली. देणगीदाराच्या वस्तूला नावं ठेवणं त्यांना परवडणारं नव्हतं.

दुसऱ्या खेपेला एक मुलगी होती, चांगली तोंडाळ, मॅडमशीही वाद घालणारी. मॅडम खिडकीशी होत्या. तोच चुकलेला सूर, तोच आवाज. या वेळी हाड कातडी फाडून बाहेर आलं. रक्त पट्ट्यांच्या फटींतून आत झिरपलं आणि वाळल्यावर पट्ट्या एकमेकींना चिकटून बसल्या. मॅडमनी स्वतः ओल्या फडक्याने त्या पुसल्या. पुसताना त्यांना रडू फुटलं.

इस्पितळात त्या भेटायला गेल्या, तशी मुलीने प्लास्टरमधला हात पांघरुणात ओढून घेतला.

“झालं तरी कसं गं?”

“झाकण पडलं, मॅडम,” ती म्हणाली. पाठ केलेलं म्हणावं तसं. ती आईकडे बघत होती, मॅडमकडे नाही.

मॅडमचा भुताखेतांवर विश्वास नव्हता, आणि आता बिजागऱ्यांवरही उरला नव्हता. त्यांनी झाकण मुळापासून उखडून काढवलं, खोलीतल्याच कपाटात कुलूपबंद केलं आणि किल्ली आपल्या पर्समध्ये टाकली. मग त्या वकिलीणबाईंच्या घरी गेल्या.

बाई गुणगुणतच दार उघडायला आल्या. तब्येत सुधारली होती, चेहरा उजळला होता. दिवाणखान्यात पियानोच्या जागी मोकळी फरशी होती.

“साहेब शिकवायचे का कुणाला?” मॅडमनी विचारलं.

“मलाच. रोज.”

“फार रागीट होते?”

“छे हो. आवाज म्हणून चढायचा नाही त्यांचा. चुकीचा सूर तेवढा सहन व्हायचा नाही.”

“ते झाकण मी काढून टाकलंय.”

“झाकणाचं काय घेऊन बसलात?” बाई म्हणाल्या. “मी त्यांचं सगळं देऊन टाकलं, मॅडम. घरात काही म्हणजे काही ठेवलं नाही.”

मॅडम विचारात पडल्या आणि त्यांची बोटं टेबलाच्या कडेवर सावकाश ताल धरू लागली. वकिलीणबाईंचा रंग उडाला. त्या मागे सरकत भिंतीला टेकल्या आणि मॅडम बाहेर पडेपर्यंत तशाच उभ्या राहिल्या.

आभाराच्या कार्यक्रमाच्या आदल्या दुपारी भाची सरावाला बसली. खोलीत ऊन आलं होतं. खाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मॅडम खिडकीशी उभ्या होत्या आणि समाधानात होत्या. झाकण नव्हतं. पोरीचे हात सुखरूप होते.

भाची छान वाजवत होती. तिसऱ्या ओळीत ती अडखळली.

“असू दे,” मॅडम म्हणाल्या. “परत घे.”

ती परत तिथेच चुकली.

मॅडमना खाली रिकामा रस्ता दिसत होता.

मग आवाज आला.

मॅडम खिडकीशी नव्हत्या. त्या पियानोला लागून उभ्या होत्या. कपाट सताड उघडं होतं. दोन्ही हातांत काहीतरी जड होतं आणि त्याच्या कडेवरून रक्त ठिबकत होतं.

भाची जमिनीवर होती. उजवा हात तिने छातीशी धरला होता. त्या हाताला आकार उरला नव्हता.

“बाळा, कुणी केलं हे?” मॅडमना विचारायचं होतं. त्यांना ओरडायचं होतं, धावायचं होतं, पोरीला कवेत घ्यायचं होतं.

पोरगी सरपटत मागे गेली. “नाही चुकणार, मावशी,” ती म्हणाली. “परत नाही चुकणार.”

मॅडमचं तोंड उघडलं. आवाज अजिबात चढलेला नव्हता.

“तिसऱ्या ओळीपासून,” त्या म्हणाल्या.

भाची उठली. स्टूलवर बसली. उरलेल्या हाताने तिने ती ओळ वाजवली.

सूर बरोबर लागला. मॅडमना बरं वाटलं.