मधल्या पाण्याचा आकडा

जिन्याच्या वळणावर दोघांची टक्कर झाली तेव्हा त्याच्या खांद्यावर दोरीचं एवढं मोठं वेटोळं होतं, की तिला आधी वाटलं, दोरीच पाय फुटून खाली येतेय. ओली दोरी. तिच्यातून पाणी ठिबकलं ते नेमकं तिच्या हातातल्या ताज्या नकाशावर.

“अहो! शाई ओली आहे अजून!”

“दोरीपण ओलीच आहे,” तो म्हणाला. “फिटंफाट.”

मग त्याने वाकून नकाशा पाहिला आणि त्याच्या कपाळावर आठी पडली. “हा... माझा तलाव?”

“तुमचा? म्हणजे... वह्या पाठवता ते तुम्ही?”

ती त्या कचेरीत पाण्याचे नकाशे काढायची. तलावात कुठे किती खोल ते आकडे बारीक अक्षरांत भरायचे, म्हणजे कुठून जावं, कुठे नांगर टाकावा ते होडीवाल्यांना कळतं. आणि हे आकडे आणायचा तो. होडीतून दोरी सोडायची, दोरीला शिशाचं वजन, तळ लागला की वहीत लिहायचं. दोन वर्षं वह्या आल्या-गेल्या, पण माणसांची गाठ काही पडली नव्हती. बोलणं व्हायचं ते वहीच्या समासात, पेन्सिलीने.

‘पान दहावर डाग. खाली कोणता आकडा?’

‘अठरा. डाग चहाचा.’

पुढच्या वहीत तिने लिहिलं, ‘या वेळी एकही डाग नाही. तब्येत बरी आहे ना?’

‘तुम्ही विचाराल म्हणून एक पाडलाय. पान सोळा.’

एवढ्याशा समासावर बाईसाहेब आठवडाभर गालात हसायच्या.

पण पोरींनो, तिचं एक गुपित होतं. पाण्याचे नकाशे काढणारी ही मुलगी पाण्याला भ्यायची! साध्या पाण्याला नाही हं... खोल, काळ्या, लांबवर पसरलेल्या पाण्याला. सात वर्षांची असताना होडीच्या काठावरून तिने खाली वाकून पाहिलं होतं, आणि खाली काहीच नव्हतं. तळ नाही, मासा नाही, नुसता काळोख. आणि तो काळोख तिच्याकडे बघत होता. तेव्हापासून बादलीतसुद्धा आधी बोट बुडवून तळ जागेवर आहे ना, ते बघायची. तिची ताई तिला पाण्याला भिणारी मांजर म्हणायची.

चाळीसच्या पुढचा आकडा लिहायची वेळ आली की तिचे तळहात थंडगार. मग तिने युक्ती काढली. नियम असा होता, की शेजारशेजारचे दोन आकडे असले तर उथळ तो छापायचा, होडी तळाला घासू नये म्हणून. ही तो नियम ताणून ताणून पार काठापर्यंत न्यायची.

“मधोमध मी एकशे बारा मीटर लिहिलेत,” तो म्हणाला. “इथे चौतीस दिसतायत.”

“नियम आहे तसा. शेजारचा उथळ आकडा—”

“शेजारचा? हा तर तुम्ही पलीकडच्या गल्लीतून उचलून आणलाय!”

तिला हसूही आलं आणि घामही फुटला. तेवढ्यात आवाज ऐकून साहेब बाहेर आले. त्यांनी वही बघितली, नकाशा बघितला, चष्मा पुसला.

“वाद पडला की मोजणारा आणि काढणारा, दोघांनी मिळून पुन्हा मोजायचं. दोघांच्या सह्या. परवा सकाळी जा.”

“साहेब, मी... मी नाही गेले तर?”

“तर रस्त्यांच्या विभागात बसा. हा तलाव देतो दुसऱ्या कुणाला.”

रस्ते! कोरडे ठणठणीत, सपाट. तिने उडी मारून हो म्हणायला हवं होतं. पण रस्त्यांच्या वह्यांत त्याचा समास कुठून येणार?

परवाची सकाळ उजाडली. धक्क्याला होडी, होडीत तो. ती शेवटच्या फळीवर येऊन जी थांबली ती थांबलीच.

“पोहता येत नाही का?”

“येतं की. बुडायची नाही भीती मला. खाली जे दिसत नाही ना... त्याची वाटते.”

तो हसला नाही. त्याने वल्ही आत घेतली. “मग राहू दे. मी साहेबांना सांगतो, चूक माझीच होती.”

“खोटं सांगणार?”

यावर त्याचे कान का लाल झाले, ते तिला तेव्हा कळलं नाही. तिने डोळे मिटले आणि होडीत पाय टाकला.

“चला. पण बोलत राहा.”

“काय बोलू?”

“काहीही. थापा मारा.”

“या तलावात एक मासा आहे,” तो वल्हवू लागला. “इतका लांब, की वळायचं झालं तर आधी काठावर यावं लागतं.”

“मग?”

“मग काय, लोक बाजूला सरून वाट देतात.”

पाणी हिरवं होतं ते निळं झालं, निळं होतं ते काळं झालं. तिने फळी इतकी घट्ट धरली, की म्हणे तिच्या बोटांचे ठसे अजून त्या लाकडात आहेत! मधोमध आल्यावर त्याने दोरी तिच्याच हातात दिली. दर पाच मीटरवर लाल चिंधी बांधलेली. दोरी सरसर सरसर जात राहिली... चौतीस गेले, साठ गेले, ऐंशी गेले.

“थांबत का नाही हो ही?”

“थांबेल. हात सैल ठेवा.”

आणि मग बोटांना एक हलका धक्का. कुणीतरी खालून दार वाजवावं तसा.

“टेकलं!” ती ओरडली.

त्यांनी चिंध्या मोजल्या, वर उरलेली दोन मीटर दोरी त्यात धरली. पुन्हा मोजल्या. सत्त्याण्णव.

“एकशे बारा होते ना?”

तो वल्ह्याकडे बघत बसला. “ते... मी वाढवले.”

“वाढवले? का?”

“शेजारच्या आकड्यांशी जुळला नाही की तुम्ही हरकत घ्याल, असं वाटलं. आणि वाद पडला की दोघांनी मिळून मोजायचं. नियम मलाही पाठ आहे.”

ती ताडकन उठली. रागाने तरातरा निघून जावं... पण जाणार कुठे? चारी बाजूंना पाणी! होडी डुलली तशी मुकाट्याने खाली बसली.

“दोन दिवस घशाखाली घास उतरला नाही माझ्या!”

“मला भीतीचं माहीत नव्हतं. खरंच. माहीत असतं तर... काठालगतचा आकडा चुकवला असता.”

आता हसू आवरेना. ते त्याला दिसू नये म्हणून तिने झटकन तोंड फिरवलं, आणि नजर सरळ पाण्यात गेली. काळोख तोच होता. पण या वेळी ती बघत राहिली. दोरी अजून तिच्या मुठीत होती आणि दुसरं टोक खाली जमिनीवर टेकलेलं होतं.

“पंधरा तुमचे,” ती हळूच म्हणाली. “त्रेसष्ट माझे. जास्त लबाड मीच.”

“मग रस्त्यांकडे जाणार...?”

“वही द्या इकडे.”

तिने सत्त्याण्णव लिहिलं. सही केली, वही त्याच्यापुढे धरली. त्याने सही केली, पण पेन काही परत देईना.

“एक सांगायचं होतं. समासात मावत नव्हतं...”

“सांगा की.”

“तुम्हाला एकदा बघायचं होतं. म्हणून ही सगळी उठाठेव. आता बघितलं, तर... रोज बघावंसं वाटतंय.”

तिने पुन्हा फळी घट्ट धरली. ते बघून त्याने घाईघाईने वल्ही उचलली. “नेतो हं, पटकन काठावर नेतो.”

तिने हात पुढे करून वल्हं धरलं.

“एवढी घाई कशाला?... सावकाश चला ना.”

एरवी वीस मिनिटांचं पाणी ते. त्या दिवशी दुपारचे दोन वाजले तरी साहेब आपले धक्क्यावर उभे, डोळ्यांवर हात धरून होडीची वाट बघतायत!